ग्रीलमधली बाग, संध्याकाळचे डास आणि ओट्याखालची झुरळं: घरगुती उपायांतलं काय चालतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा: कांदिवलीत सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, ग्रीलमध्ये पंधरा-सोळा कुंड्या. जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय, कढीपत्त्याची पानं कुणीतरी खातंय, संध्याकाळी डास आणि रात्री ओट्याखाली झुरळं. घरात तीन वर्षांची मुलगी आहे, म्हणून बाजारातले फवारे नकोत. "सगळ्यावर चालेल असं एखादं घरगुती मिश्रण सांगा."

तसं एकच मिश्रण नाही. बावीस वर्षं मुंबईतल्या गच्च्यांवर, गॅलऱ्यांत आणि ग्रीलमध्ये लोकांच्या बागा सांभाळतेय. जे मिलीबगवर चालतं त्याचा डासावर काही परिणाम होत नाही, आणि ज्यानं झुरळ मरतं ते कुंडीच्या आसपासही नेऊ नये. तेव्हा तुमच्या चारही पाहुण्यांकडे वेगवेगळं बघावं लागेल. जास्वंद आधी घेते, कारण उशीर केलात तर हातची जाईल ती तीच.

ते पांढरं म्हणजे मिलीबग. मराठीत त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे, पिठात लोळून आल्यासारखाच दिसतो. शेंड्याच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी, पानामागच्या शिरेला चिकटून बसतो आणि रस पितो. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो. नुसतं पाणी, हळदीचं पाणी, ताक, हिंगाचं पाणी, यातलं काहीही मारलंत तरी अळूच्या पानावरून ओघळावं तसं ते खाली ओघळतं. लोक मग म्हणतात, महिनाभर फवारतोय, काही उपयोग नाही. उपयोग होणार कसा, औषध किड्याच्या अंगाला लागलेलंच नसतं. मेण फोडायला साबण लागतो.

पण साबणाच्याही आधी हात. फार माखलेले शेंडे सरळ कापा, पिशवीत घालून गाठ मारा आणि कचऱ्यात टाका. कापलेली फांदी शेजारच्या कुंडीत खत म्हणून टाकणारे लोक मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतेय. उरलेल्या फांद्यांवर जुना टूथब्रश पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवा, विशेषतः बेचक्यांत. मग झाड मोरीत नेऊन हँडशॉवरनं खालून वर धुवा. कुंडीच्या काठाखाली, ग्रीलच्या पट्टीला, झाडाला बांधलेल्या सुतळीतही बघा. निम्मे तिथे लपलेले असतात. एवढं केलंत की साठ-सत्तर टक्के काम झालं.

आता साबण. भांडी घासायचं लिक्विड नको, कपड्यांची पावडर तर नकोच. तेलकटपणा काढायला त्यात जे घातलेलं असतं ते पानाचंही स्वतःचं मेण काढून टाकतं आणि पानाच्या कडा करपतात. मी रिठे वापरते. काष्टौषधीच्या दुकानात मिळतात. दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या, सालं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी दहा मिनिटं उकळून कुस्करायची आणि जुन्या पंचातून गाळायची. हे दाट पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. फवारायला एक वाटी रिठ्याच्या पाण्यात चार वाट्या साधं पाणी. पानं चिंब ओली झाली पाहिजेत, मागची बाजू आधी. अर्ध्या-पाऊण तासानं साध्या पाण्यानं धुऊन टाका.

हे एकदा करून भागत नाही. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि त्या पिशवीच्या आत साबण पोचत नाही. चार-पाच दिवसांनी त्यातून पिल्लं निघतात, फिकट पिवळी, ठिपक्याएवढी, आणि चालू लागतात. त्यांच्या अंगावर अजून मेण नसतं, म्हणजे तुमची संधी हीच. म्हणून दर पाच दिवसांनी, चार वेळा. कॅलेंडरवर खूण करा. तिसऱ्या फेरीला झाड स्वच्छ दिसतं आणि माणूस थांबतो, महिन्याभरात सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

निंबतेलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच, म्हणून लिहिते. ते उत्तम आहे, फक्त त्याचं काम समजून घ्या. किडा पटकन मरावा म्हणून ते नसतं. त्यातल्या अ‍ॅझाडिरॅक्टिनमुळे किड्याची खाण्यावरची इच्छा उडते, कात टाकायला अडचण येते, पुढची पिढी नीट वाढत नाही. फरक दिसायला आठ-दहा दिवस जातात. प्रमाण: एक लिटर कोमट पाणी, पाच मिली घाण्यावरचं निंबतेल, एक-दोन चमचे रिठ्याचं दाट पाणी. क्रम चुकवू नका. आधी तेल आणि रिठा एका वाटीत घोटायचं, मग पाणी थोडं थोडं घालत हलवायचं. नीट जमलं की पाणी ताकासारखं दुधट दिसतं. वर सोनेरी तवंग तरंगत असेल तर रिठा कमी पडलाय. तसंच फवारलंत तर निम्मी बाटली नुसतं पाणी उडवेल आणि शेवटी निव्वळ तेल पानावर पडेल. जिथे तेलाचा थेंब तिथे दोन दिवसांत तपकिरी डाग.

बाटलीवर १५००, ३००० किंवा १०,००० पीपीएम असे आकडे असतील तर ते शेतीसाठीचं तयार औषध असतं, त्यात मिसळायला लागणारं द्रव्य आधीच घातलेलं असतं. त्याला रिठा नको आणि मात्राही त्या बाटलीवरचीच पाळा. कालवलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. पाण्यात आणि उन्हात ते लवकर निकामी होतं. दोन लिटर करून ठेवायचं आणि महिनाभर पुरवायचं हा हिशेब इथे चालत नाही. पंधरा कुंड्यांना अर्धा लिटर पुष्कळ झालं.

वेळ संध्याकाळची, ऊन गेल्यावर. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पहिल्याच वर्षी दादरच्या एका गच्चीवर मी मे महिन्यात सकाळी दहा वाजता निंबतेल मारलं होतं, घाईत, दुसरीकडे जायचं होतं म्हणून. मोगरा ऐन बहरात. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा फोन आला, बाई काही बोलल्या नाहीत, फक्त "येऊन बघून जा" म्हणाल्या. कळ्या चहात बुडवून काढल्यासारख्या झाल्या होत्या. तेव्हापासून माझा नियम, काहीही नवीन असेल तर आधी एका फांदीवर, दोन दिवस वाट, मगच सगळ्या झाडावर. खायच्या पानांवर, म्हणजे तुळस, पुदिना, कढीपत्ता, निंबतेल मारलंच तर आठवडाभर पानं तोडू नका. कडू लागतात, शिवाय लहान मूल आहे घरात. निंबतेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. "कडुनिंबाचंच तर आहे" म्हणून चमचाभर पाजणारी मंडळी अजून आहेत. बाटली कुलपात ठेवा.

जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग आहे का, तेही बघा. बहुतेक असणारच. मिलीबग आणि मावा रस पिऊन गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खातात, आणि त्या बदल्यात त्यांची राखण करतात, अगदी गुरं राखावीत तशी. मुंग्या थांबल्या नाहीत तर तुम्ही कितीही धुवा. कुंडी स्टँडवर ठेवा, स्टँडच्या पायांना बोटभर रुंदीचा ग्रीस किंवा व्हॅसलिनचा पट्टा लावा, आणि झाडाचं एकही पान भिंतीला किंवा ग्रीलला टेकणार नाही असं बघा. टेकलं की तो मुंग्यांचा पूल झाला. पाय पाण्याच्या वाटीत ठेवायची जुनी युक्ती करू नका, कारण डासांकडे आपल्याला अजून यायचंय.

आणखी एक, ब्रश फिरवण्याआधी नीट पाहा. मिलीबगांच्या घोळक्यात एखादा तसाच पांढरा, झुलपं असलेला, पण अंगानं मोठा आणि चपळ पळणारा किडा दिसला तर त्याला हात लावू नका. ती एका ढालकिड्याची अळी आहे, क्रिप्टोलीमस नावाच्या. मूळ ऑस्ट्रेलियातला, पण आपल्याकडे रुळलेला. दिसते मिलीबगसारखी आणि खाते मिलीबगच. मिलीबग जागचा क्वचित हलतो, ही तुरुतुरु चालते, फरक एवढाच. माझ्या हातून अशा किती चिरडल्या गेल्या असतील, आठवलं की वाईट वाटतं. तामिळनाडूत २००८ मध्ये पपईवरचा मिलीबग पहिल्यांदा दिसला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो महाराष्ट्रातही पोचला. फवारण्यांना तो दाद देईना. शेवटी २०१० मध्ये बाहेरून एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीतली माशी आणून सोडली, तिनं त्याला आवरलं. तुमच्या सातव्या मजल्यावरही असे मदतनीस येतात, दर दोन दिवसांनी काहीतरी फवारत राहिलात की येत नाहीत.

मिरची-लसणाचा अर्क, निंबोळी अर्क, दशपर्णी, हे सगळं तुमच्या कानावर येईल. निंबोळी अर्क चांगलाच. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, कापडातून पिळून, त्यात थोडं रिठ्याचं पाणी. जून-जुलैत निंबोळ्या पडतात तेव्हा गावाकडून आणून सावलीत वाळवून ठेवता आल्या तर तेलापेक्षा मी हाच वापरीन. मिरची-लसूण अळ्यांना आणि तुडतुड्यांना थोडे दिवस दूर ठेवतो. पण एका पावसात धुऊन जातो, आणि मिक्सरचं झाकण उघडताना खिडकी बंद असेल तर सगळं घर खोकत बाहेर येतं, अनुभव आहे. तीन वर्षांच्या मुलीच्या घरात मी तो करणार नाही. दशपर्णी तर फ्लॅटमध्ये नकोच. गोमूत्र, शेण आणि दहा झाडांचा पाला महिनाभर कुजवायचा असतो, त्यात रुई, कण्हेर, धोतरा अशी विषारी पानंही असतात. शेतावर तो सोनं आहे. मी एकदा गच्चीवर पिंप भरून ठेवलं होतं, बाराव्या दिवशी सोसायटीची मीटिंग बोलावली गेली आणि विषय एकच होता. तंबाखूचं पाणीही अजिबात नको. निकोटिन कातडीतूनही अंगात जातं, आणि तंबाखूतून येणारा विषाणूजन्य रोग टोमॅटो-मिरचीला लागतो तो वेगळाच.

आता डास. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल, कारण डासांचा प्रश्न बागवाल्यांच्या घरात बहुधा बागेतूनच येतो.

दिवसा आणि दुपार कलल्यावर चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे एडिस, डेंग्यूवाला. त्याला गटार लागत नाही, स्वच्छ साचलेलं पाणी लागतं, आणि तेही बाटलीच्या झाकणाएवढं पुरतं. तो फार लांबही उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचं सगळं आयुष्य. सातव्या मजल्यावर तो तुम्हाला चावतोय तर बहुतेक तिथेच, नाहीतर वरखालच्या मजल्यांवर जन्मलाय. मलेरियाचा मुंबईतला डास, अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्साय, तोही स्वच्छ पाण्याचाच शौकीन, इमारतींवरच्या उघड्या टाक्या त्याला फार आवडतात. आणि दिवेलागणीनंतर कानाशी गुणगुणणारे बरेचसे क्युलेक्स, ते गटार-नाल्यांतून येतात, त्यांचं उगमस्थान तुमच्या हातात नाही.

कुंडीखालच्या ताटल्या उचलून बघा. पाणी असेल तर ताटलीला टिचकी मारा. एक क्षण काही होत नाही, आणि मग स्वल्पविरामासारखे काळसर धागे वळवळत तळाशी बुड्या मारतात. थोडं थांबलात की एक एक करून वर येतात आणि शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून उलटे लटकतात, श्वास घ्यायला. त्या अळ्या. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी ओतून कोरडं करायचं. नुसतं ओतून मात्र भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. तेव्हा ताटली काथ्यानं किंवा ब्रशनं घासायची. माझ्याकडे शनिवार ठरलेला आहे. खरं तर ताटल्याच काढून टाका, कुंडीखाली दोन फरशीचे तुकडे ठेवा.

ताटल्यांखेरीज: मनीप्लांटची बाटली, लकी बांबूचं भांडं, पक्ष्यांना ठेवलेलं पाणी, एसीचं पाणी धरायला ठेवलेली बादली, पावसाळ्यात ग्रीलवर टाकलेल्या ताडपत्रीचे खोलगे, आणि फ्रिजच्या मागचा तो ट्रे जो आपण फ्रिज घेतल्यापासून एकदाही पाहिलेला नसतो. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघर तपासायला येतात आणि अळ्या मिळाल्या तर नोटीस देतात. आमच्याकडे आले होते. मी बागकाम शिकवणारी बाई, मोठ्या अभिमानानं ग्रील दाखवायला नेलं, आणि त्या मुलानं खोलीत शिरता शिरता फ्रिजमागे टॉर्च मारला. तिथे होत्या. कमळाचं टब असेल तर त्यात गप्पी मासे सोडा, ते अळ्या वेचून खातात. पालिकाही विहिरी-हौदांत तेच सोडते.

मग राहिलं पळवून लावणं. गवती चहाची कुंडी खिडकीत ठेवली की डास येत नाहीत, हे खरं नाही. चहात घालायला जरूर लावा. वास तेलात असतो, तेल पानात असतं आणि पान चुरगळल्याशिवाय ते बाहेर येत नाही. सिट्रोनेलाचं तेल थोडं काम करतं, पण मुंबईच्या घामात तासाभरात उडून जातं. मोठ्या माणसांनी लावायचं तर शंभर मिली खोबरेल तेलात दोन मिली निंबतेल किंवा वीस-पंचवीस थेंब सिट्रोनेला, आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबायचं. पोटऱ्यांना, घोट्यांना लावा, एडिस तिथेच जास्त चावतो. मुलीच्या हातांना काही लावू नका, हात तोंडात जातात. तिला अंगभर सुती कपडे, दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी, आणि पंखा. पंख्याला हसू नका. डास उडण्यात फार कच्चा असतो, जोराच्या वाऱ्यात त्याला नीट उतरताच येत नाही. खिडकीला जाळी बसवून घ्या, एकदाच खर्च होतो.

कापराबद्दल: संध्याकाळी कापूर जाळला की वास छान येतो, खोलीतले डास तेवढ्यापुरते हलतात, आणि वास गेला की परत येतात. भीमसेनी कापराचे खडे मात्र अगदी खडीसाखरेसारखे दिसतात, आणि लहान मुलाच्या पोटात थोडा जरी कापूर गेला तरी फिट येऊ शकते. वाटीत उघडा ठेवून खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो, तुमच्या घरात तो मुळीच पाळू नका. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आमच्या आजीच्या अंगणात ठीक होता, वर आभाळ होतं. बंद फ्लॅटमध्ये तो धूर आधी तुमच्याच छातीत जातो. आणि डासांच्या मशीनची रिकामी बाटली निंबतेल-कापरानं भरायचं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते तर नकोच. ती वात त्या पातळ द्रवासाठी बनवलेली असते, जाड तेल तिच्यावर जळतं, धूर येतो.

इमारतीत डेंग्यूचा रुग्ण निघाला तर माझ्या या तेलांवर विसंबून बसू नका. मुलीच्या डॉक्टरांना विचारून तिच्या वयाला चालणारं डास-रोधक क्रीम आणा आणि ते सांगतील तसं लावा. पालिकेला १९१६ वर कळवा.

झुरळांसाठी आधी कोणतं झुरळ ते बघा. मोठं, तांबूस, बोटाएवढं, ते ड्रेनेजमधून येतं. लहान, फिकट, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं, ते घरातच राहतं, बहुतेक किराण्याच्या खोक्यातून किंवा कांद्याच्या पिशवीतून आलेलं असतं.

मोठ्यासाठी औषध लागतच नाही. मोरीच्या आणि बेसिनच्या जाळीवर रात्री झाकण ठेवा. तुम्ही मे महिन्यात गावाला जाऊन आलात की घरात झुरळं झालेली दिसतात ना, त्याचं कारण बहुधा नहाणी ट्रॅप. त्यात पाणी साठून असतं, तेच ड्रेनेजचं दार बंद ठेवतं. पंधरा-वीस दिवसांत ते वाळतं आणि दार उघडतं. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडेतेल ओता, तेलाचा थर पाणी वाळू देत नाही.

लहान झुरळाला तमालपत्र, लवंग, काकडीची सालं यांनी काही होत नाही. फार तर या ड्रॉवरमधून त्या ड्रॉवरमध्ये जातं. त्याच्यावर बोरिक पावडरच चालते, कॅरमवाले लोक ओळखतात ती. केमिस्टकडून घ्या. दोन चमचे बोरिक, एक चमचा कणीक, एक चमचा पिठीसाखर, दुधाच्या थेंबांनी घट्ट मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या. सोडावॉटरच्या झाकणात एकेक गोळी ठेवा म्हणजे फरशीला लागत नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, ट्रॉलीच्या मागे, सिंकखालच्या पाइपाशी. झुरळ गोळी कुरतडतं, तिच्याबरोबर पावडर पोटात जाते. दोन-तीन दिवसांत काही दिसत नाही, आठवड्यानंतर उताणी पडलेली सापडू लागतात. मादी एका पुडीत तीस-चाळीस अंडी घेऊन फिरते, म्हणून तीन आठवड्यांनी गोळ्या बदला. ओल्या जागी गोळी विरघळून वाया जाते, आणि रात्री सिंक कोरडं पुसून ठेवलं नाही तर झुरळ गोळीकडे बघणारही नाही, त्याला पाणीच जास्त हवं असतं.

बोरिक "घरगुती" आहे, निरुपद्रवी नाही. मुलीचा हात जाईल अशा एकाही ठिकाणी गोळी ठेवू नका. ट्रॉली बाहेर काढून तिच्या मागे ठेवता येत नसेल तर हा उपाय सोडून द्या आणि जेलचा बारीक ठिपका टाकणाऱ्या माणसाला बोलवा. आणि तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे, ती बंद करा. पोरकिड्यांसाठी तांदूळ-रवा चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग कोरड्या डब्यात भरा. अंडीही मरतात. वर्षाचं धान्य असेल तर कडक ऊन द्या, वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांत घाला, डाळींना एरंडेलाचा हात लावा. आई बिब्बे घालायची, पण बिब्ब्याचं तेल लागून हाताला फोड आलेले मी पाहिलेत, आता घालत नाही.

कपाटातल्या कसरीला वेखंड. जाडसर कुटून, मलमलच्या पुरचुंडीत, पावसाळ्याआधी प्रत्येक कप्प्यात एक. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या कपड्यांत ठेवू नका, काही मुलांचं रक्त त्यानं बिघडतं. केळ्यांभोवतीच्या चिलटांना वाटीत थोडं व्हिनेगर, केळ्याची साल आणि साबणाचा एक थेंब, सकाळपर्यंत बुडतात. ढेकूण आणि वाळवी यांच्यावर माझ्याकडे घरगुती काही नाही. त्यासाठी जाणकार बोलवा, आठवडाभरही वाट बघू नका.

राहिला कढीपत्ता. पानांच्या कडा अर्धगोल खाल्लेल्या असतील तर रात्री टॉर्च घेऊन नीट शोधा. पानाच्या मधोमध पक्ष्यानं घाण केल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसेल. तो हलतो. लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी आहे ती, लहानपणी मुद्दाम विष्ठेसारखी दिसते म्हणजे पक्षी खात नाहीत. थोडी मोठी झाली की हिरवी होते. काडीनं हळूच डिवचलंत तर डोक्यामागून लाल-केशरी दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चावत नाही. मोठ्या झाडाला दोन-चार अळ्यांनी काही होत नाही, फुटवा पुन्हा येतो. तुमचं झाड फूटभराचं असेल तर एक-दोन ठेवून बाकीच्या पानासकट उचला आणि खाली सोसायटीच्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर नेऊन ठेवा. या झाडावर निंबतेल मारू नका. अळी साधारण दोन आठवडे खाते, मग काडीला कंबरपट्टा बांधून कोशात जाते. ती काडी छाटू नका. मुलीला दाखवा, कोश काळसर दिसू लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठवा तिला, ते बाहेर यायला फार वेळ घेत नाही.